राजीखुशीने व अक्कलहुशारीने

बेल्ह्याच्या सोमवारच्या बैलबाजारात दोन भाषा चालायच्या. एक तोंडाची, एक उपरण्याखालची. हेडी बैलाच्या पाठीवर थाप मारून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगायचा, ‘लेकराच्या हातात कासरा द्या, तरी मान वर करायचा नाही!’ त्याच वेळी त्याचा हात आणि गिऱ्हाइकाचा हात एका उपरण्याखाली एकमेकांत गेलेले असायचे आणि बोटं दाबून भाव ठरत असायचा. तोंडाने एक आकडा, बोटांनी दुसरा. मी सात-आठ वर्षांचा असेन. माझे आजोबा हेडी. एकदा त्यांना विचारलं, ‘उपरण्याखाली काय करता?’ ते म्हणाले, ‘वर बोलायचं ते बाजारासाठी. खाली बोलायचं ते दोघांसाठी.’

पुढे मी बत्तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. वरच्या वर्गातल्या पोरांना ‘अविश्वसनीय निवेदक’ समजावून द्यायची वेळ आली, की टेबल पुसायचं फडकं हातावर टाकायचो आणि पुढच्या बाकावरच्या पोराला त्याखाली हात घालायला लावायचो. वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने 1961 साली ही संज्ञा रूढ केली. गोष्ट सांगणारा ‘मी’ एक सांगत असतो आणि लेखक त्याच्याच तोंडून, त्याच्या नकळत, वाचकाला दुसरंच कळवत असतो. वर निवेदक बाजारभर ओरडतोय, खाली लेखक आणि वाचक बोटं दाबतायत. संज्ञा 1961 ची, व्यवहार फार जुना.

कल्याण-नगर रस्त्यावर आळेफाटा मागे टाकून पूर्वेला निघालं की बेल्हे लागतं. त्यापुढे आण्याचा घाट, आणे, आणि मग पारनेर तालुका. माझ्या लहानपणी बैल टेम्पोतून येत नसत, चालत येत. नगरकडचे हेडी रविवारी रात्री घाट उतरून यायचे आणि बाजारतळावर दावणी बांधून शेकोट्या करायचे. सोमवार उजाडायला वेळ असायचा, झोप कुणाला यायची नाही, कारण बैलांवर डोळा ठेवावा लागे. मग गोष्टी निघायच्या. मुंजा, हडळ, विहिरीवरच्या साती आसरा, वेशीबाहेरचा खवीस. एकही गोष्ट ‘एक होता राजा’ अशी सुरू व्हायची नाही. सगळ्या ‘मी सांगतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं’ अशा. भुताची गोष्ट ऐकीव असली तर तिला भाव नाही, हे आमच्या हेड्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

आजोबांची गोष्ट चकव्याची होती. टाकळी ढोकेश्वरकडून खिलारी बैलांची जोडी घेऊन ते रात्रीचे घाट उतरत होते. एक घोंगडीवाला माणूस मागून आला, तंबाखू मागितली, आणि बरोबर चालू लागला. त्याच्या पायांचा आवाज येत नव्हता. एकच बाभूळ तीनदा आडवी आली. उजाडलं तेव्हा आजोबा जिथून निघाले तिथेच होते, घोंगडीवाला नव्हता, आणि दोनांतला एक बैलही नव्हता.

ही गोष्ट मी निदान दहा वेळा ऐकली. पाहुण्यांपुढे सांगताना बैल तीन व्हायचे आणि घोंगडीवाल्याला तोंडच नसायचं. माझ्या वडिलांपुढे सांगताना घोंगडीवालाच गळायचा, नुसता चकवा उरायचा. एकदा चुलीपुढे आजी भाकरी थापता थापता म्हणाली, ‘चकवा तिकडं नारायणगावला घुंगरं बांधून नाचत होता.’ नारायणगाव म्हणजे तमाशाचं गाव. एक बैल कुठे गेला, हे मला त्या वयातही कळलं. पण आजीच्या सांगण्यावर तरी किती विसंबावं? आजोबांनी तिच्या पाटल्या मोडल्या होत्या, तो राग तिने मरेपर्यंत सांभाळला. तिच्या साक्षीतून पाटल्यांचं वजन वजा करूनच ती घ्यायला हवी.

आणि चकवा अगदीच खोटा म्हणावा, तर तेही जमत नाही. जर्मनीत ट्युबिंगेनच्या संशोधकांनी माणसांना जंगलात आणि वाळवंटात चालायला लावून पाहिलं. 2009 साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सूर्य किंवा चंद्र दिसत नसेल, तर सरळ चालतोय असं समजणारा माणूस खरोखरच गोल फिरतो. म्हणजे बाभूळ तीनदा आडवी आली असणं शक्य आहे. बैल कुठे गेला हा प्रश्न वेगळा. अविश्वसनीय निवेदक म्हणजे खोटारडा नव्हे, एवढं मला आजोबांनी शिकवलं. त्याच्या सांगण्यात खऱ्याच्या दाव्याला खोटं बांधलेलं असतं, आणि कधीकधी कासरा कुठला आणि वेसण कुठली हे त्याचं त्यालाही उमगत नाही.

युरोपात ज्याला गॉथिक म्हणतात, त्या साहित्याचा जन्मच अशा थापेतून झाला. होरेस वॉल्पोल या इंग्रज उमरावाने 1764 च्या डिसेंबरात ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही कादंबरी छापली, तेव्हा मुखपृष्ठावर स्वतःचं नाव घातलं नाही. एका जुन्या इटालियन पोथीचं हे भाषांतर आहे, असं सांगून त्याने मूळ लेखकाचं आणि भाषांतरकाराचं, अशी दोन्ही नावं बनवली. पुस्तक खपलं, तेव्हा पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत कबूल केलं की हे माझंच, आणि त्याला ‘गॉथिक’ हे विशेषण जोडलं. पडका किल्ला, तळघर, शापित घराणं हे सगळं त्या पुस्तकाने रूढ केलं. पण मला सर्वांत मोलाची वाटते ती पहिल्या पानावरची थाप. ही गोष्ट कोण सांगतंय आणि त्याला ती तशी सांगून काय मिळतंय, हा प्रश्न तिथूनच सुरू होतो.

आपल्याकडे त्यासाठी इटालियन पोथीची गरज नव्हती. वॉल्पोलनंतर नऊ वर्षांनी, 30 ऑगस्ट 1773 ला, शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याला गारद्यांनी मारलं. वाड्यातून अजून त्याची किंकाळी ऐकू येते, ही भुताची बाजू पुण्यातला रिक्षावालाही सांगतो. दुसरी बाजू ‘ध चा मा’ची. राघोबादादांनी ‘धरावे’ असं लिहिलं होतं, आनंदीबाईंनी त्याचं ‘मारावे’ केलं. इतिहासकारांनी या गोष्टीवर शंका घेतलेली आहे, पण मराठीत तिचा वाक्प्रचार होऊन बसला. वर्गात मी पोरांना एवढंच विचारायचो, की ही गोष्ट खरी धरली तर कुणाची सुटका होते? नवऱ्याने फक्त धरायला सांगितलं होतं, अक्षर फिरवलं ते बायकोने. खुनाचं ओझं एका पुरुषाच्या मनसुब्यावरून उचलून एका बाईच्या लेखणीवर ठेवलं की गोष्ट किती सुटसुटीत होते!

एडगर ॲलन पो मला 1974 साली पुण्यात कॉलेजात असताना भेटला. ‘द टेल-टेल हार्ट’ ही त्याची गोष्ट पाच-सहा पानांची. सांगणाऱ्याचं पहिलं म्हणणंच हे, की मला वेडा समजू नका. एका म्हाताऱ्याचा गिधाडासारखा फिकट डोळा त्याला सहन होत नाही. सात रात्री तो कंदील झाकून, दार डोकं आत जाईल एवढंच उघडून, म्हाताऱ्याच्या खोलीत डोकावतो. आठव्या रात्री मारतो, तुकडे करतो, फरशीच्या फळ्यांखाली पुरतो. पोलीस येतात, त्यांना तो त्याच खोलीत खुर्च्या टाकून बसवतो आणि स्वतःची खुर्ची त्याच फळ्यांवर मांडतो. मग त्याला खालून काळजाची धडधड ऐकू येऊ लागते, आणि ती पोलिसांनाही ऐकू येत असून ते मुद्दाम थट्टा करतायत असं वाटून तो स्वतःच ओरडून गुन्हा कबूल करतो. मी किती सावधपणे, किती हुशारीने वागलो ते बघा, वेडा असं वागेल का, हा त्याचा सगळा युक्तिवाद. जितका पटवायला जातो तितका उघडा पडत जातो.

ही गोष्ट बोस्टनच्या ‘द पायोनियर’ मासिकात जानेवारी 1843 मध्ये छापून आली. त्याच महिन्याच्या 20 तारखेला लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसाने पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे चिटणीस एडवर्ड ड्रमंड यांना पाठीत गोळी घातली. सत्ताधारी पक्ष आपल्या पाठीमागे लागला आहे, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं. ड्रमंड वारले, मॅकनॉटन वेडा ठरून सुटला आणि वेड्यांच्या इस्पितळात गेला. विलायतेत गहजब झाला. तेव्हा न्यायाधीशांनी कसोटी घालून दिली: आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हे आरोपीला कळत होतं का? ती कसोटी 1860 च्या भारतीय दंड संहितेत कलम 84 म्हणून आली, आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम 22 म्हणून आजही आहे. जुन्नरच्या कोर्टात उद्या असा खटला उभा राहिला, तरी याच कसोटीवर चालेल.

आता पोच्या माणसाला ही कसोटी लावून पाहा. त्याने कंदील झाकला, प्रेत लपवलं, रक्ताचा थेंब राहू दिला नाही. म्हणजे त्याला सगळं कळत होतं. मी वेडा नाही हे सिद्ध करण्यासाठी त्याने जो जो पुरावा दिला, तो तो त्याला फासाकडे नेणारा. स्वतःच्या शहाणपणाची साक्ष त्याला इतकी महाग पडते. आणि ती साक्ष तो देतोय कुणापुढे? न्यायाधीश, डॉक्टर की दुसरा कैदी, हे पो सांगत नाही. समोर कोण बसलंय हे कळू न देणं ही त्या गोष्टीतली खरी भीती.

पोच्या वेड्यांना निदान बोलायला मिळतं. शार्लट पर्किन्स गिलमन या अमेरिकन बाईची गोष्ट तिथून पुढे जाते. ‘द यलो वॉलपेपर’ 1892 च्या जानेवारीत छापली गेली. एक बाळंतीण, नवरा डॉक्टर. उन्हाळ्यापुरता एक जुना वाडा भाड्याने घेतलाय. नवऱ्याने तिला वरच्या मजल्यावरच्या खोलीत ठेवलंय, खिडक्यांना गज, पलंग जमिनीला खिळलेला, भिंतीवर पिवळा कागद. आराम कर, खा, पी, लिहू नकोस. ती चोरून लिहिते, आणि तेच आपण वाचत असतो. दिवसेंदिवस तिला त्या कागदाच्या नक्षीमागे एक बाई दिसू लागते, गज हलवणारी. शेवटी ती हात पोचेल तेवढा कागद ओरबाडून काढते आणि भिंतीकडेने रांगत राहते. नवरा दार उघडून ते पाहतो आणि बेशुद्ध पडतो. ती त्याच्या अंगावरून रांगत पुढे जाते.

हे गिलमनने हवेतून काढलेलं नव्हतं. 1887 साली ती स्वतः फिलाडेल्फियाच्या डॉ. वायर मिचेल यांच्याकडे उपचाराला गेली होती. त्यांचा ‘विश्रांती उपचार’ तेव्हा गाजत होता: अंथरुणावर पडून राहणं, भरपूर दूध, मालिश, आणि डोक्याला काम बंद. घरी परतताना तिला बजावण्यात आलं, की पुन्हा लिहिण्या-वाचण्याच्या मागे लागू नकोस. फिलाडेल्फिया म्हटलं की मराठी वाचकाला दुसरं एक नाव आठवतं. त्याच शहरात 1886 च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. 1887 च्या फेब्रुवारीत त्या पुण्यात वारल्या. एकाच गावात एका बाईला औषधाची पदवी मिळते आणि वर्षभराने दुसऱ्या बाईला लेखणी टाकण्याचं औषध मिळतं!

आणि गिलमनची गोष्ट छापली गेली, त्या वेळी पुण्यात हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी 1890 साली निघालेल्या ‘करमणूक’मधून वाचकांच्या हाती पडत होती. तिची नायिका यमू स्वतःची हकिगत ‘मी’ म्हणून सांगते. भूत नाही, तळघर नाही, पण विधवा झाल्यावर जबरीने केलेलं केशवपन कुठल्याही गॉथिक कथेला पुरून उरेल असं. यमू वेडी नाही. तिचं सांगणं आपल्याला शब्दन् शब्द खरं वाटतं. पण तिच्या घरातल्या शंकरमामंजींना विचारलं असतं, तर त्यांनी तिची कोणती गोष्ट सांगितली असती?

याच सुमारास फ्रान्समध्ये मोपासाँने ‘ल ओर्ला’ ही कथा दोनदा लिहिली. 1886 च्या पहिल्या रूपात एक रोगी डॉक्टरांच्या मंडळापुढे बसून, आपल्या घरात शिरलेल्या अदृश्य प्राण्याची हकिगत शांतपणे मांडतो. ती ऐकून डॉक्टरच गोंधळतो. 1887 च्या रूपात ते मंडळ नाही, फक्त रोजनिशी आहे, आणि वाचक त्या माणसाबरोबर एकटा. मोपासाँ स्वतः 1893 मध्ये पॅरिसच्या एका मनोरुग्णालयात वारला. म्हणून ती गोष्ट त्याच्या वेडाची खूण मानणारे आहेत. मला ते पटत नाही. वेड लागलेल्या माणसाला एकच गोष्ट दोन घाटांनी इतकी नेमकी बांधता येत नाही. बांधणारा जागाच असावा लागतो.

आमच्याकडे हे सगळं ‘गूढकथा’ या नावाने आलं. शाळेच्या कपाटात नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या पुस्तकांची कव्हरं कधी जागेवर राहिली नाहीत. मतकरींचं ‘खेकडा’ तर मी तीनदा बांधून घेतलं. धारप मूळचे पुण्याचे. त्यांच्या ‘आजी’ कथेचा धागा 2018 च्या ‘तुंबाड’ सिनेमात आहे, हे ऐकून माझे जुने विद्यार्थी मला फोन करत होते. धारपांची भीती अस्सल, पण त्यांच्या जगात भूत खरं असतं आणि त्याच्याशी झुंजायला समर्थांसारखा जाणता माणूस असतो. वाचक रात्री दचकतो, सकाळी सुटतो. मतकरींकडे माणसाच्या मनाची खालची बाजू जास्त उघडी पडते. आणि जी. ए. कुलकर्णींकडे भूत लागतच नाही, माणसाचं नशीबच पुरतं. पण गावातल्या वेड्या बाईला स्वतःच्या तोंडाने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बोलू देणारी गोष्ट आमच्या कपाटात मला फार सापडली नाही. बाकीचे तिच्याविषयी बोलायचे.

आळ्याला रेड्याची समाधी आहे, बेल्ह्याहून फार लांब नाही. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्याच्या तोंडून वेद वदवले, त्या रेड्याची. लहानपणी मला त्यात चमत्कार दिसायचा. आता वाटतं, सात शतकं लोक तिथे हात जोडतात ते एका साध्या गोष्टीपुढे: ज्याला बोलायचा अधिकार नाही असं सगळ्यांनी ठरवलं होतं, तो बोलला.

आता नानीचं सांगतो.

नानी माझी थोरली चुलती. चुलते 1958 साली गेले, मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून नानी माडीवर. ती वेडी आहे, असं मला कुणी बसवून सांगितलं नाही. घरात उंबरा कुठे आहे हे जसं कळतं, तसं ते कळलं होतं. ताट वर जायचं, रिकामं खाली यायचं. रात्री ती म्हणायची, भिंतीत कुणीतरी दळतंय. बाहेरचं लागलंय म्हणून भगत आला, लिंबू-अंगारा झाला, मिरच्यांची धुरी झाली. ती खोकत खोकत म्हणत राहिली, ‘अगं दळतंय गं, ऐका की.’

एका पहाटे मी माडीवर गेलो. तिने माझं डोकं धरून कान भिंतीला लावला. पांढऱ्या मातीच्या भेंड्यांची ती भिंत गार होती, आणि आतून घरघर येत होती. थांबून थांबून, जात्याची. मी खाली येऊन आईला सांगितलं, ‘खरंच दळतंय.’ आईने पाठीत धपाटा घातला, ‘तिच्या नादी लागू नकोस.’ ती भिंत सामाईक होती. पलीकडे शेजाऱ्यांचं घर, तिथे पहाटे जातं चालायचं. एवढं सोपं होतं. पण नानी म्हणायची, मध्यरात्री. मध्यरात्री कोण दळेल? मी मध्यरात्री कधी कान लावला नाही. म्हणून तेवढ्या भागाबद्दल मी आजही काही सांगू शकत नाही.

वर्षातून एकदा नानीचं ऐकलं जायचं. देवीच्या जत्रेत तिच्या अंगात यायचं. हलगी वाजू लागली की केस सुटायचे, ती घुमायची, आणि ज्या विधवेला एरवी कुणी सवाष्णीच्या कार्यात पुढे होऊ देत नसे, तिच्या कपाळाला लोक हळदीकुंकू लावायचे. आजोबासुद्धा हात जोडून उभे. ती विचारायची, ‘माझ्या वाट्याचा घास कुणी खाल्ला?’ लोक म्हणायचे, ‘आई, नवस राहिला असंल, फेडू.’ नारळ फुटायचा. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा वेडी, माडीवर.

‘तिला येरवड्याला पाठवा’ असं पाहुण्यांतलं कुणीतरी अधूनमधून म्हणायचं. येरवड्याला तुरुंगही आहे आणि मनोरुग्णालयही, त्यामुळे नेमकं कुठे पाठवायचं म्हणतायत ते मला कळत नसे. तेव्हा कायदा 1912 चा होता, इंग्रजांचा. नातेवाइकांनी अर्ज करायचा, दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, मॅजिस्ट्रेटने हुकूम द्यायचा. नातेवाईक, डॉक्टर, मॅजिस्ट्रेट ही सगळी माणसं तिच्याविषयी सांगणार होती. तो कायदा 1993 पर्यंत टिकला. 2017 च्या कायद्याने प्रथमच असं धरलं, की आजारी माणसालाही आपल्या उपचाराबद्दल ठरवता येतं, आणि पुढे आपल्याला कसं वागवावं हे तो आधी लिहून ठेवू शकतो. नानीला सही येत नव्हती.

तिला पाठवलं नाही. का पाठवलं नाही, ते मला 1996 साली कळलं. वडील गेले, वारसनोंद करायची होती, म्हणून ट्रंकेतले कागद काढले. त्यात 1961 सालचं हक्कसोडपत्र होतं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने विधवेला वारसाने मिळालेल्या हिश्श्यात पूर्ण मालकी दिली होती, म्हणजे चुलत्यांच्या वाट्यात नानीचा हक्क झाला होता. तो तिने मरेपर्यंतच्या अन्नवस्त्राच्या बदल्यात दिरांना सोडून दिला होता. खाली डाव्या हाताचा अंगठा, दोन साक्षीदार, दोघेही आजोबांच्या बाजारातले हेडी. आणि शेवटची ओळ, जी प्रत्येक अशा कागदावर असते: हे मी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून दिले आहे.

माझ्या हातातला कागद थरथरत होता असं लिहायचा मोह होतो. तसं काही झालं नाही. मी चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे भान नसलेल्या माणसाचा करार टिकत नाही. तिला येरवड्याला पाठवलं असतं, तर हुकूम निघाला असता, ती सरकारदरबारी वेडी ठरली असती आणि या अंगठ्यावर शंका आली असती. म्हणून घरात वेडी आणि कागदावर शहाणी, अशी ती दोन्हीकडून उपयोगी होती. तोंडाने एक, उपरण्याखाली दुसरं. आणि तो सगळा मजकूर ‘मी’ म्हणून लिहिलेला. लिहिणारा मुंशी, सांगणारे माझे वडील आणि आजोबा, आणि ‘मी’ म्हणजे नानी, जिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. तिच्या आयुष्यातलं प्रथमपुरुषी निवेदन एवढंच शिल्लक आहे.

पोने, गिलमनने, मोपासाँने वेड्याच्या तोंडी ‘मी’ दिला आणि आपल्याला शंका घ्यायला शिकवलं. ती शंका आपण चुकीच्या माणसावर खर्च करतो, असं मला आता वाटतं. भिंतीत दळतंय म्हणणारी बाई अर्धी तरी खरी होती. अक्कलहुशारीने म्हणणारा स्टँपपेपर पूर्ण खोटा होता, आणि त्याच्यावर शिक्का होता. 2013 साली, अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर, जादूटोणाविरोधी कायदा झाला, भगताच्या धुरीला आता शिक्षा आहे. मुंशीच्या त्या ओळीला नाही.

आता आण्याच्या घाटात चकवा कुणाला लागत नाही. पाटाचं पाणी आलं, ऊस आला, उसात बिबट्या आला. शेकोटीवर हल्ली बिबट्याच्या गोष्टी निघतात, आणि सांगणाऱ्यागणिक बिबट्या हातभर वाढतो.

वर्गात मी नानीची गोष्ट बरीच वर्षं सांगितली. माडीवरची बाई, भिंतीतलं जातं, पहाटेची घरघर. पोरं गप्प होऊन ऐकायची. हक्कसोडपत्राचं मात्र 1996 नंतरही कधी सांगितलं नाही. तेवढं उपरण्याखाली ठेवलं. तेव्हा मी वर जे काही लिहिलं, तेही वाचकाने तसंच तपासून घ्यावं. नानी 1979 साली गेली. तिच्या वाट्याच्या तुकड्यातल्या कांद्यावर माझी पुण्याची फी भरली गेली होती. त्या गटाच्या सातबाऱ्यावर आज माझं नाव आहे.